आधीची तहान

पाऊस रात्री अडीचच्या सुमारास सुरू झाला. पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले तशी मी उठून बसले. पलीकडच्या खोलीतून आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खोकल्याचा आवाज आला. त्याही जाग्या झाल्या होत्या. दोघी काही बोललो नाही. खालच्या तुकड्यातल्या टोमॅटोचा तोडा आम्ही सकाळवर ठेवला होता.

हे २०२५ च्या मे महिन्यातलं. मावळातल्या आमच्या परंदवडीला वळीव नवा नाही. एखादा येतो, धूळ बसवतो, चार कैऱ्या पाडतो आणि जातो. त्या वर्षी मात्र तो जाईना. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून रोज आभाळ भरून यायला लागलं, आणि २६ मेला तर मॉन्सून पुण्यात पोहोचल्याचं हवामान खात्यानं जाहीरच केलं. एरवी जूनचे आठ-दहा दिवस गेल्यावर यायचा तो. उन्हाळी टोमॅटोचा शेवटचा आणि सगळ्यात भरीचा तोडा नेमका त्याच पंधरवड्यात असतो.

उजाडता उजाडता मी रानात गेले. पाऊस थांबला होता, सऱ्यांमध्ये पाणी उभं होतं. फुटलेलं फळ लांबून ओळखू येत नाही. झाडावर ते इतर फळांसारखंच लाल, तुकतुकीत दिसतं. हात घालून वळवलं की बोट ओलं होतं आणि मग कळतं. देठापासून निघालेली चीर खांद्यावरून खाली उतरलेली असते. तिच्या कडा पात्यानं कापल्यासारख्या सरळ असतात, आत मगज चमकत असतो, कधी एखादं बी कडेशी येऊन थांबलेलं असतं. ताज्या चिरेला वास नसतो. ऊन वर आलं की चिलटं जमायला लागतात, संध्याकाळपर्यंत आंबूस वास सुटतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिरेत पांढरी बुरशी दिसते. म्हणून पहाटेचा पहिला तास फार मोलाचा.

पहिल्या सरीच्या तोंडाशी मी दोन पाट्या ठेवल्या. एक धडक्या फळांची, एक फुटक्यांची. फुटक्यांची आधी भरली.

मी टोमॅटो लावायला लागले ते २०१४ च्या भातकापणीनंतर. माझं माहेर शिरूरच्या कोरड्या बाजूचं, तिथं पाण्याचा हिशेब लहानपणापासून अंगात मुरलेला. इकडे मावळात आले तर पाणीच पाणी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे, आमच्या सोमाटणे-परंदवडीच्या बाजूला येईपर्यंत तो पुष्कळ ओसरतो, तरी माझ्या माहेराच्या मानानं इथला पावसाळा म्हणजे महापूरच. खाचरात इंद्रायणी भात, आणि भात निघालं की ओल असेल तिथं हरभरा नाहीतर गहू. टोमॅटोचा हट्ट माझा. तळेगाव-सोमाटण्याला सोसायट्या उभ्या राहत होत्या, घरपोच भाजीला गिऱ्हाईक होतं, आणि बारा गुंठ्यांत रोकडा पैसा देणारं दुसरं पीक मला दिसत नव्हतं.

त्याच साली पुणे जिल्ह्यात टोमॅटोवर ती परदेशी नागअळी सापडली, टूटा अॅब्सोल्यूटा. भारतात तिची नोंद तेव्हाच पहिल्यांदा झाली. त्यामुळे त्या हंगामात ज्याच्या-त्याच्या तोंडी अळीच होती, आणि फळाला काहीही झालं की ‘कीड नाहीतर रोग’ याच्या पलीकडे कुणाची नजर जात नव्हती. माझी पहिली फळं तडकली तेव्हा मी दोन फुटके टोमॅटो पिशवीत घालून औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं चिरेतली बुरशी पाहिली आणि बुरशीनाशक दिलं. ते मारलं. पुढच्या तोड्याला पुन्हा फुटली. मग त्यानं एक टॉनिक दिलं, मग आणखी एक. बुरशी चिरेतून आत शिरलेली होती, चीर बुरशीनं पाडलेली नव्हती, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कळली नाही. त्यालाही कळली नसावी. तीन फवारण्यांचे पैसे आणि मजुरी गेली, त्याहून वाईट म्हणजे आपण रोगट माल पिकवतोय असं मला वाटायला लागलं.

खरं कारण माझ्याच हातचं होतं. माहेरी चुलतबहिणीचं लग्न होतं. आम्ही पाच दिवस गेलो. जाताना शेजारच्यांना ‘लक्ष ठेवा’ म्हटलं, पण दुसऱ्याच्या रानात दारं धरायला कोण जाणार? परत आलो तेव्हा झाडं दुपारची माना टाकत होती. मला भरून आलं. त्या रात्री थ्री फेज वीज होती, तर मी विहिरीवर मोटार लावली आणि सगळ्या सऱ्या काठोकाठ भरल्या. पहाटेपर्यंत पाणी देत होते. पाच दिवसांची तहान एका रात्रीत भागवायची असं मनानं घेतलं होतं. दोन दिवसांत पिकत आलेलं फळ पटापट फुटलं.

आत्यांनी मला तेव्हा काही म्हटलं नाही. आठेक दिवसांनी एकदा खुरपणी करताना त्यांनी झाडापासून वीतभर अंतरावर खुरपं रुतवलं, तळाची माती मूठभर काढली, दाबली आणि माझ्यापुढे धरली. लाडू झाला होता, पण बोटाला चिकटत नव्हता. अंगठ्यानं टोकरला तर भुसभुशीत सुटला.

“ह्यो वाफसा,” त्या म्हणाल्या. “हातावर माती अशी सुटाय पाहिजे. चिखल झाला तर मुळी गुदमारती, धूळ झाली तर मुळी मरती. तू रान बघून पाणी देत न्हाईस पोरी, झाडाचं त्वांड बघून देतीस.”

वाफसा हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. पेरणीला वाफसा हवा, नांगराला वाफसा हवा. मातीच्या कणांभोवती ओल आणि कणांच्या मधल्या पोकळीत हवा, दोन्ही एकाच वेळी. पण ही पेरणीपुरती अवस्था नसून तोडा संपेपर्यंत रोज टिकवायची गोष्ट आहे, हे मला त्या मूठभर मातीनं शिकवलं. शिकवलं म्हणते, पण अंगवळणी पडायला पुढची तीन-चार वर्षं गेली.

आमच्या खालच्या तुकड्यातली माती काळी, चिकण. उन्हाळ्यात पाणी चुकलं की तिला भेगा पडतात; माझं अख्खं बोट जाईल एवढ्या. त्या भेगांत झाडाच्या केसासारख्या बारीक मुळ्या ताणून तुटलेल्या दिसतात. रान फाटतं ते तहानेनं, फळ फाटतं ते पाण्यानं, असं वरवर बघता वाटतं. मीही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते आणि पावसाला दोष देत होते. आता मी असं म्हणत नाही. रानाला भेग ज्या दिवसांत पडते, त्याच दिवसांत फळाच्या सालीतही ती ठरून जाते. पाणी येऊन ती फक्त उघडी करतं.

कसं, ते सांगते. टोमॅटोच्या फळात शंभरातले चौऱ्याण्णव भाग पाणीच असतं. फळ वाढतं म्हणजे त्याच्या आतल्या पेशी पाण्यानं फुगतात. सालीतल्या पेशींना मात्र त्या फुगण्याबरोबर ताणत राहावं लागतं. पाणी बेतानं आणि नेमानं मिळत असेल तर साल आणि गर बरोबरीनं वाढतात. पाणी तुटलं की वाढ थबकते, उन्हात साल घट्ट होते, तिचा ताण सोसायचा गुण कमी होतो. त्यातच फळ पिकायला लागलं की साल आणखी कमजोर होते. अशा वेळी मुळांना एकदम भरपूर पाणी मिळालं, की गर काही तासांत फुगू पाहतो आणि सालीला तेवढं ताणता येत नाही.

सालीची आणखी एक गंमत आहे. पानाला असतात तशी बारीक रंध्रं टोमॅटोच्या सालीला नसतात. पानातून दिवसभर पाणी वाफ होऊन जात असतं; फळातून जवळजवळ जात नाही, गेलं तर देठाच्या बाजूनं थोडंसं. आत आलेलं पाणी आतच राहतं. दिवसा उन्हानं पानं पाणी ओढत असतात, म्हणून फळाकडे मर्यादेत जातं. रात्री पानांची रंध्रं मिटलेली, हवा दमट, आणि ओल्या रानातून मुळं तर पाणी वर ढकलतच असतात. ते पाणी मग पानांत आणि फळांतच दाटतं. म्हणून फळं फुटतात ती रात्री नाहीतर पहाटे. भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत फळ फुटल्याचं मला एकदाही आठवत नाही.

याची खूण रानात वाचता येते. पहाटे झाडाजवळ बसून पाहिलं तर पानांच्या दातेरी कडेला, टोकाटोकाला एकेक थेंब ओवल्यासारखा असतो. मला आधी ते दव वाटायचं. दव पानावर सगळीकडे पडतं. हे थेंब फक्त कडेच्या टोकांवर, एका ओळीत असतात. हे झाडानं स्वतः बाहेर टाकलेलं पाणी. मुळांचा दाब इतका झालेला असतो की पानाच्या शिरांच्या टोकांतून पाणी झिरपतं. पानाला अशी वाट आहे. फळाला नाही. ज्या पहाटे थेंब अंगठीतल्या खड्याएवढे टपोरे दिसतात, त्या दिवशी मी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवते आणि रंग धरलेलं एकूण एक फळ काढून घेते.

चिरा दोन जातीच्या असतात, आणि त्यांच्यात फरक करायला शिकल्यापासून माझं पुष्कळ नुकसान वाचलं. एक देठाभोवती गोल गोल जाणारी, कंगोऱ्यासारखी. ही बहुतेक फळ अजून हिरवं-पोपटी असताना पडते, उथळ असते, आणि हवा कोरडी राहिली तर वाळून तपकिरी खपली धरते. अशा फळाचं रूप जातं, चव जात नाही. दुसरी देठापासून खाली उभी उतरणारी. ती पिकताना पडते, खोल जाते आणि भरून येत नाही. बाजारात दोन्हींना एकच नाव, ‘फुटका माल’, आणि भावही एकच. घरपोच देताना मात्र गोल चिरेची फळं मी वेगळी ठेवते, गिऱ्हाइकाला दाखवते आणि कमी दरात देते. घेतात लोक.

पाणी मुळांवाटेच येतं असंही नाही. हे मला धुण्याच्या टबात कळलं. सोसायट्यांना माल धुऊन, पुसून द्यायचा म्हणून मी एकदा आदल्या संध्याकाळी पिकली फळं देठ काढून टबात भिजत टाकली आणि विसरले. सकाळी बघते तर तोडलेली, झाडाशी काही संबंध न उरलेली फळं टबातच फुटली होती. देठ निघाला की जिथं खळगा राहतो तिथून आणि आसपासच्या बारीक तड्यांतून पाणी आत गेलं होतं. झाडावरही हेच होतं. पावसाचं पाणी देठाजवळच्या खोलगट वाटीत साचून राहतं आणि मुरत राहतं. गावरान वाणाचे खांदे खोल, म्हणून त्याला हा त्रास जास्त. तेव्हापासून मी फळ देठासकट तोडते, ओल्या फडक्यानं पुसते, भिजत कधी घालत नाही.

एका वर्षी मी चूक केली ती पानांची. करपा येऊ नये, हवा खेळावी म्हणून खालची पानं काढतात; ते बरोबरच आहे. मी हौसेनं जास्तच काढली. बगलफुटी काढल्या, घडांवरची पानंही काढली. तारकाठीवर बांधलेली झाडं अगदी देखणी दिसायला लागली, लालबुंद घड उघडे. पश्चिमेच्या उन्हाची बाजू जिकडे होती तिकडच्या फळांचे खांदे आठ दिवसांत राठ झाले, पिवळट पडले, त्यावर बारीक केसासारख्या रेघा उमटल्या. पुढच्या पाण्याला त्याच बाजूची फळं फुटली, पूर्वेकडची बरीच टिकली. एकाच झाडाची दोन अंगं, एकच पाणी. घडावरचं पान घडाची छत्री असते. ते आता मी हात लावून बाजूला करते, तोडत नाही.

खताबद्दल थोडंच सांगते. युरियाचा हात सैल सुटला की झाड माजतं, फळं मोठी आणि साल नाजूक होते, एवढं मी दोन हंगामांत भोगलं. बोरॉन आणि कॅल्शियम यांचा सालीशी संबंध आहे हे खरं. पेशींच्या भिंती बांधायला दोन्ही लागतात. डाळिंबवाले तर तडकण्यावर पहिला उपाय म्हणून बोरॉनचंच नाव घेतात. पण माझ्या रानाच्या माती-परीक्षणात कॅल्शियम भरपूर निघालं आणि तरी फळांची बुडं काळी पडत होती, खांदे फुटत होते. तळेगावच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये माझ्याबरोबर प्रशिक्षणाला आलेल्या एका अनुभवी शेतकऱ्यानं ते फार सोप्या भाषेत सांगितलं: “ताई, कॅल्शियमला पाय नाहीत. ते पाण्याच्या पाठीवर बसून जातं.” पाणी तुटलं की कॅल्शियम फळापर्यंत पोचतच नाही, मग रानात कितीही असो. बूड काळं पडणं आणि खांदा फुटणं यांची मुळं एकाच अनियमित पाण्यात आहेत, हे त्या एका वाक्यात मला मिळालं. बाटलीवर खर्च करायच्या आधी मी आता खुरपं रुतवते.

ही काही टोमॅटोचीच तक्रार नाही. नाशिककडे द्राक्षाच्या ऐन हंगामात अवकाळी आला की मणी तडकतात, आणि वर्षभर पोराबाळांसारखी जपलेली बाग दोन रात्रींत जाते. पुरंदरचं अंजीर पावसात उकलतं. सांगोल्याकडच्या डाळिंबाचं तडकणं तर ठाऊकच आहे. त्या बातम्या पूर्वी मी नुसत्या वाचून सोडायची. आता पोटात कालवतं. आत रस भरलेला, वर पातळ साल, आणि मधे माणसाची वर्षभराची मेहनत.

सगळा दोष पावसावर टाकू नये असं मी म्हणते, त्याला माझ्याकडे एक दाखला आहे. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत थंडीचा जो अवकाळी पाऊस झाला, ज्यात जुन्नर-आंबेगावकडे मेंढरं गारठून मेली, तेव्हा वरच्या माळाच्या तुकड्यात माझा टोमॅटो तोडणीला होता. मी आशा सोडली होती. पाऊस उघडल्यावर गेले तर फुटलेली फळं होती, पण मोजता येतील एवढी. पुढे करप्यानं पानं घेतली ती गोष्ट वेगळी. त्या हंगामात माझी ठिबकची नळी नवी होती, दिवसाआड थोडं-थोडं पाणी चाललं होतं, ऊन सौम्य होतं. रान ओलंच होतं, त्यावर आणखी ओल आली. झाडाला तहान अशी लागलेलीच नव्हती.

मग २०२५ च्या मे महिन्यात काय झालं? महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मोटार जळाली. रिवाइंडिंगला दिली, आज देतो उद्या देतो करत आठ दिवसांनी हातात आली. भर उन्हाळ्यातले आठ दिवस. कळशी-बादलीनं झाडाच्या बुडाशी घातलेलं पाणी म्हणजे नुसतं जिवंत ठेवण्यापुरतं. मोटार आली तेव्हा मला त्या लग्नानंतरची रात्र आठवली, म्हणून सऱ्या भरल्या नाहीत. ठिबक पहिल्या दिवशी वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, असं वाढवत नेलं. वाफसा परत यायला आठवडा लागतो. आठवडा मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी वळीव आला, आणि चौथ्या दिवशीही.

पण सहा सऱ्यांवर भाताचा पेंढा अंथरलेला होता. सगळ्या रानावर अंथरायचा होता, पण जनावरांच्या वैरणीला हात लावायला आत्या तयार नव्हत्या आणि त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे सहा सऱ्या झाकलेल्या, बाकीच्या उघड्या. त्या पहाटे फुटक्यांची पाटी भरली ती उघड्या सऱ्यांवर. पेंढ्याच्या सऱ्यांत शिरले आणि हळूहळू लक्षात आलं की हात वळवून पाहतेय ते फळ धडकं निघतंय, पुढचंही धडकं, मधेच एखादं फुटकं. मी वाकून पेंढा बाजूला केला. खालची माती त्या आठ कोरड्या दिवसांतही फाटली नव्हती. पेंढ्याला चिकटून गांडुळाची विष्ठा होती, पांढऱ्या मुळ्या अगदी वरच्या थरापर्यंत आलेल्या. वरून धोधो पडलेलं पाणीही पेंढ्यातून गाळून, सावकाश खाली उतरलं होतं. मी तिथंच चिखलात बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला एकाच रानात, एकाच पावसात, तहानलेल्या आणि न तहानलेल्या झाडांची फळं शेजारी शेजारी बघायला मिळत होती.

सोसायटीतल्या एका ताईंचा फोन त्याच आठवड्यात आला. त्यांनी गॅलरीत कुंडीत चार टोमॅटो लावले होते, त्यातले दोन चेरी. “पावसाचा एक थेंब आत येत नाही, तरी फुटतात,” म्हणाल्या. मी भाजी द्यायला गेले तेव्हा पाहिलं. काळ्या प्लास्टिकच्या लहान कुंड्या, पश्चिमेची भिंत, संध्याकाळीही कुंडीला हात लावला तर चटका बसेल. दोघं नवरा-बायको नोकरीला; पाणी शनिवार-रविवारी तळाच्या ताटलीतून वाहीपर्यंत, अधल्यामधल्या दिवशी आठवलं तर. मी कुंडीत बोट घातलं. दोन पेरांखाली माती राखेसारखी होती. पाच कोरडे दिवस आणि एक पूर, माझ्या लग्नघराच्या आठवड्याची ती छोटी नक्कल होती. चेरीची साल मुळातच जास्त फुटणारी, त्यांना हा हेलकावा अजिबात सोसत नाही. कुंड्या बादलीएवढ्या मोठ्या घ्यायला सांगितल्या, भिंतीपासून हलवल्या, वर नारळाच्या शेंड्या अंथरल्या, आणि रोज सकाळी एक तांब्या, सणवार असो नसो. ताईंनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात त्यांनी मला मोबाइलवर फोटो पाठवला, घडात अकरा चेरी, सगळ्या अखंड. तो फोटो मी अजून पुसलेला नाही.

बाजाराचे संकरित वाण जाड सालीचे असतात. क्रेटमध्ये भरून नारायणगावहून निघालेला टोमॅटो लांबच्या शहरापर्यंत शाबूत पोचायला हवा, म्हणून निवड करणाऱ्यांनी सालीकडे आणि टणकपणाकडे लक्ष दिलं. त्यात चुकीचं काही नाही. माझ्याही बारा गुंठ्यांतले दहा गुंठे संकरितच असतात, घर त्यावर चालतं. पण दोन सऱ्या मी गावरानच्या ठेवते. चपटं, कंगोऱ्यांचं, आंबट. आत्यांच्या माहेरचे जुने लोक याला बेलवांगं म्हणायचे. याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जरा पाणी इकडचं तिकडं झालं की हे आधी फुटतं. रानात हेच माझं मोजमाप झालंय. गावरानाच्या खांद्यावर बारीक रेघ दिसली की समजायचं, वाफसा हलतोय, संकरित फुटायला अजून एक-दोन दिवस आहेत.

वळवाच्या त्या सकाळी फुटक्यांच्या पाच पाट्या घरी आल्या. आत्यांनी ओसरीवर पोतं अंथरलं आणि निवडायला बसल्या. खपली धरलेली एका बाजूला. ताज्या चिरेची दुसऱ्या बाजूला; ती त्याच दिवशी शिजवायची, चीर कापून काढून सार आणि चटणी, उरलेली शेजारीपाजारी. बुरशी धरलेली सरळ शेणखड्ड्यात, त्यात मोह नाही. गावरानातली दोन उत्तम फळं त्यांनी पदराआड ठेवली. तीही फुटलेलीच होती. बी धरायचं होतं. त्यांनी मगज वाटीत पिळला, झाकण ठेवलं. दोन-तीन दिवसांनी आंबला की बियांवरची बुळबुळीत साय सुटते, मग धुऊन राखेत चोळून वाळवायचं.

“फुटक्याचं बी?” मी विचारलं.

“फळ फुटलंय, बी न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं फळ उचललं.

दुपारनंतर पश्चिमेला, पवनेच्या बाजूला पुन्हा काळं धरायला लागलं. आम्ही वाट पाहिली नाही. पेंढ्याच्या असोत की उघड्या, सगळ्या सऱ्यांमधलं जे फळ बुडाशी जरासं गुलाबी झालंय ते सगळं काढायला घेतलं. रंग धरलेलं फळ झाडावरून उतरवलं तरी घरात पिकतं, चवीत उन्नीस-बीस होतं, पण फुटत नाही. धाकटा दीर आला, त्याची पोरं आली, अंधार पडल्यावर मोबाइलच्या उजेडात शेवटच्या तीन सऱ्या उरकल्या. माजघरात गोणपाटावर एक थर टोमॅटो पसरले, पोपटी, गुलाबी, मधेच एखादा केशरी, देठं वर. चालायलाही जागा राहिली नाही. जेवणं ओसरीतच झाली.

पाऊस त्या रात्रीही आला, पहिल्यापेक्षा मोठा. पत्रा इतका वाजत होता की मला दुसरं काही ऐकू येईना. मधे तो जरा हलका झाला तेव्हा मी कान दिला. पलीकडच्या खोलीतून खोकला आला नाही. आत्या झोपल्या होत्या.